काकीच्या अंगणातले चार खिळे

मेटल डिटेक्टरचं खोकं दारात आलं तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून नुसतं डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "आता हे काय?"

तिच्या या 'आता'मध्ये आमच्या संसारातल्या बऱ्याच वस्तू येतात. ब्रेड भाजायचं यंत्र येतं. त्यात एकदाच ब्रेड झाला आणि तो खालच्या कुत्र्यांनीही हुंगून सोडून दिला. दुर्बीण येते, तिच्यातून मी शनीची कडी बघणार होतो, पण त्याआधीच समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी खिडक्यांना पडदे लावून घेतले. त्यामुळे तिचा प्रश्न रास्त होता.

"शेतासाठी आहे," मी म्हणालो.

शेताचं नाव काढलं की आमच्या घरात वाद थांबतो. आम्ही राहतो दहिवलीला, फ्लॅटमध्ये. शेत पळसदरीच्या पुढे, आणि शेतावरच्या घरात माझी काकी राहते. काका दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा डोंबिवलीला. तो आईला तिकडे बोलावून बोलावून थकला, आणि ती नाही म्हणून थकली नाही. एक गाय, दारापुढे अंगण, मागे वालाचा तुकडा, एवढ्यावर ती पंचाहत्तरीत एकटी राहत होती. माझी आई आजारी असायची त्या वर्षांत मी याच काकीच्या हातचं जेवून वाढलो, हेही इथेच सांगून टाकतो. पुढे जे केलं त्याला त्यामुळे जास्तच वजन येतं.

तर गेल्या पावसात चिखलणी करताना पॉवर टिलरचं एक पातं तुटून चिखलात गेलं होतं. ते कोणाच्या पायात घुसू नये म्हणून हे यंत्र, असं मी बायकोला समजावलं. यात खोटं काही नव्हतं. पण खरं कारण मोबाइलमध्ये होतं. त्यात एक गोरा गृहस्थ हिरव्यागार माळावर यंत्र फिरवतो, 'टूं' झालं की गुडघे टेकतो, ढेकूळ फोडतो आणि आत सोन्याचं नाणं. त्याच्या हाताला मातीसुद्धा लागत नाही. असे व्हिडिओ मी दोन महिने जेवताना बघत होतो.

पहिली चाचणी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घेतली. लांब दांडा, खाली पोळीएवढी तबकडी, वर काटा आणि कानाला लावायचे हेडफोन. चालू केल्याबरोबर ते जे ओरडायला लागलं ते थांबेना. फरशीखाली सगळ्या सळ्या. वॉचमन लांब उभा राहून म्हणाला, "साहेब, बाँब आहे का?" मी म्हणालो, "सळ्या आहेत." तो म्हणाला, "ते तर मलाही माहीत होतं."

मग माघातल्या एका रविवारी यंत्र खांद्यावर टाकून शेतावर गेलो.

काकी ओट्यावर बसून वाल निवडत होती. तिने मला पायांपासून हेडफोनपर्यंत बघून घेतलं.

"काय रं, गवत कापायचं मशीन का?"

"नाही गं काकी. जमिनीतला धातू दाखवतं. लोखंड, तांबं, सोनं."

"सोनं?" तिने सूप खाली ठेवलं. "आमच्या जमिनीत सोनं असतं त तुज्या काकांनी ते माज्या गळ्यात नसतं का घातलं?"

"तसं नाही. पूर्वीच्या लोकांनी पुरलेलं असतं."

"पूर्वीचं लोक म्हंजे तुजा आजा. त्याच्याकडं पुरायला काय हुतं? दोन बैल नि एक खोकला." आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग ती उठली, पदर नीट केला. गावात कोणाच्या तरी नातवाचं बारसं होतं, तिथे जायची तिची तयारी झालेलीच होती. "तीन वाजंपर्यंत येते. चा झाकून ठेवलाय. शेतात काय खनायचं ते खन. अंगणात नको."

"का गं?"

"कालच सारवलंय," ती म्हणाली आणि चालू लागली.

शेतात धसकटं होती आणि जमीन टणक झाली होती. पहिल्या तासाभरात मला सापडलं ते असं: गुटख्याच्या पुड्या, ज्या आतल्या चंदेरी कागदामुळे सोन्यासारख्याच ओरडतात, पळसदरीच्या धरणावर शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांनी वाटेत टाकलेली बाटल्यांची बुचं, तीही इतकी की मी पुढे पुढे मोजायचं सोडलं, एक बैलाची झिजलेली नाल, आणि पाच पैशांचं एक नाणं, ॲल्युमिनियमचं, चौकोनी. टिलरचं पातंही सापडलं, पण यंत्राला नाही. मला ठेच लागली तेव्हा सापडलं.

दोन वाजले. ऊन डोक्यावर, पाठ मोडून आलेली, अंगठ्याला रक्त. घरी जाऊन बायकोला काय दाखवणार, बुचं? मी ओट्यावर बसून झाकलेला चहा गारच प्यायलो आणि समोर बघितलं. समोर अंगण. गुळगुळीत, शेणाने सारवलेलं, शांत. आजोबांच्या आधीपासून माणसं याच जागेवर राहत आली. काही असलंच तर इथे असणार, शेतात कशाला कोण पुरील? आणि काकी 'खणू नको' म्हणाली होती. नुसतं वरून फिरवू नको असं कुठे म्हणाली होती? कारखान्यात माझ्या हाताखालची पोरं असला कायदा बोलायला लागली की मी त्यांना फार टोचून बोलतो.

अंगणाच्या फणसाकडच्या कोपऱ्यात तबकडी गेली आणि कानात असा घुमारा उठला की मी हेडफोन काढून इकडेतिकडे बघितलं. वरून नुसतं फिरवायचं होतं, ते मी विसरलो. अंगणाच्या कडेला लावलेल्या दगडांजवळ अगदी थोडीच जागा उकरली. वीतभर खाली एक लांब, जाड, गंजलेला खिळा उभा ठोकलेला. त्याच्या मानेला काहीतरी काळं, कुजलेलं चिकटलं होतं. मुळं असतील म्हणून ते मी ओरबाडून काढलं.

एक खिळा म्हणजे काहीच नाही. पण मी सवयीने दुसऱ्या कोपऱ्यात गेलो. तिथेही तोच आवाज. तिसऱ्या कोपऱ्यात तोच. चौथ्या कोपऱ्यात मी हातांनीच माती उकरली. चार कोपरे, चार सारखे खुंटे, एका मापाचे! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. हा घाटाखालचा मुलूख. बोरघाट चढायच्या आधी घोडदळ इथेच कुठेतरी मुक्कामाला थांबत असणार. घोडे बांधायला खुंटे हवेतच. माझी काकी इतकी वर्षं घोड्यांच्या पागेत वाल वाळत घालत होती!

मी खोपोलीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं मेंटेनन्सला आहे. नट, बोल्ट, खिळे यांच्यात माझे केस पिकले. आणि बाजारातला आठ इंची खिळा मला ओळखता आला नाही, कारण मला ओळखायचा नव्हता.

खड्डे बुजवले, पायाने दाबले. गोठ्यातून शेण आणून वर हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा सारवत होतो. चार कोपऱ्यांत चार हिरवे ठिपके दिसायला लागले. खिळे पिशवीत तळाशी घातले.

काकी आली. "काय घावलं?"

मी नाल, नाणं, पातं आणि मूठभर बुचं ओट्यावर मांडली. खिळ्यांचं बोललो नाही. साफ करून, माहिती काढून मग थाटात सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की अंगणात खणू नको म्हणाली होती आणि मी खणलं होतं. काकीने नाल उचलली, पदराने पुसली. "आपल्या पांढऱ्या बैलाची," ती म्हणाली. "डावीकडं झिजवायचा." ती नाल तिने भिंतीतल्या देवळीत नेऊन ठेवली. तिच्या पाठीमागे मी पिशवीची गाठ आणखी घट्ट मारली.

घरी खिळे चिंचेच्या पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने घासले तेव्हा असे लखलखले की काय सांगू. वर्तमानपत्रावर ओळीने मांडून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: 'आपल्या जमिनीत सापडलेले जुने खुंटे. घोडे बांधण्याचे असावेत.' डोंबिवलीच्या भावाने, म्हणजे काकीच्या मुलाने, 'भारी दादा' असं लिहिलं. बायकोने चष्मा लावून एक खिळा फिरवून बघितला.

"शिळफाट्याला हार्डवेअरच्या दुकानात असेच मिळतात."

"हाताने घडवलेले आहेत हे."

"मग घडवणाऱ्याने चारही एका साच्यात घडवलेत," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

गुरुवारी दुपारी त्याच भावाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "दादा, आई हो म्हणाली! येत्या रविवारी टेंपो घेऊन येतो. गाय शेजारी द्यायची ठरलीये."

"अचानक कशी काय?"

"तेच तर कळत नाही. दोन-तीन दिवस डोळ्याला डोळा नाही म्हणते. विचारलं तर म्हणाली, माझा इथला हक्क संपला. तू जाऊन ये ना जरा. पण तिचं मन फिरवू नको हां, तुझ्या पाया पडतो."

शुक्रवारी पहिली पाळी संपवून तसाच गेलो. काकी आतल्या खोलीत बसून लुगड्यांचं गाठोडं बांधत होती. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. गेल्या रविवारी आजोबांच्या खोकल्यावर हसणारी बाई ती हीच का, असं वाटलं.

"काय झालं काकी?"

"काय नाय. जावं म्हनते पोराकडं. किती दिस नाय म्हनायचं?"

"एवढंच?"

ती गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "तुला नाय सांगायची. तू हसशील."

हे वाक्य मला लागलं. का, ते सांगितलं पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी, काका होते तेव्हा, मी त्यांच्या दाराला टांगलेलं लिंबू-मिरचीतलं लिंबू सगळ्या पाहुण्यांसमोर उतरवलं, कापलं आणि त्याचं सरबत करून प्यायलो. फार टाळ्या मिळाल्या. काकीही हसली होती, वर तिनेच साखर आणून दिली होती. त्यानंतर तिने असलं काही मला कधीच सांगितलं नाही, आणि सांगत नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"नाही हसणार," मी म्हणालो.

मग तिने सांगितलं. काका गेले त्यानंतर चार-सहा महिने तिला झोप नव्हती. ते गेले तरी त्यांचा दिनक्रम गेला नव्हता. पाणी बघायला बांधावर जायचे, परत येऊन ओट्यावर काठी टेकवायचे, दोनदा खोकायचे. तिला रोज ऐकू यायचं. भीती नव्हती, पण झोपही नव्हती. शेवटी वरच्या वाडीतल्या भगताला तिने बोलावलं. त्याने भर दुपारी अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकले, त्यांना काळा दोरा बांधला आणि गेलेलं माणूस आत येऊ नये म्हणून मंत्र टाकून घर बांधून दिलं. त्या दिवसापासून ती झोपायला लागली. म्हणून तर ती एकटी राहू शकत होती. मुलाला सांगितलं नाही, मला तर नाहीच नाही.

"गाईनं पाय उमटवलं म्हून सोमवारी परत सारवाया घेतलं," ती म्हणाली, "त कोपऱ्यात हात खाली गेला. माती भुसभुशीत. उकरून बगते त खिळा नाय. चारीकडं बगितलं. एक बी नाय."

काळा दोरा. मुळं म्हणून मी तो ओरबाडून काढला होता.

"कोणी चोरले असतील," मी म्हणालो. हे मी म्हणालो! माझाच आवाज मला ऐकू आला.

"खिळं कोन चोरतंय? दारात तांब्याचा हंडा हाय, तो हाय तितंच. नि तू त नको म्हनल्यावर अंगणात खननार नायस." तिने गाठोड्यावर हात ठेवला. "त्यांनीच उपटलं. रागावले. रागावनार नाय त काय? जिते हुते तवर कदी जेवल्याबिगर बाहेर नाय जाऊ दिला मानसाला, नि मेल्यावर त्यांच्याच घराच्या बाहेर ठेवला मी. माज्या झोपंसाठी. आता कुठल्या तोंडानं ऱ्हाऊ हितं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलायचाच अवकाश होता. त्याऐवजी मी तिला गंज कसा चढतो ते समजावलं. ओल्या जमिनीत लोखंड हळूहळू विरघळतं, नाहीसं होतं, असं काहीतरी. आठ इंची खिळा दीड वर्षात विरघळतो असं मेंटेनन्सचा माणूस एका म्हातारीला सांगत होता. ती ऐकत राहिली. "असंल," म्हणाली. तिच्या त्या 'असंल'मध्ये माझ्या शिक्षणाबद्दल आदर होता आणि विश्वास अजिबात नव्हता.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती थांबली.

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"उद्या तिची नजर चुकवून परत ठोकून येतो."

"म्हणजे काकींना काय वाटेल? काकांचा राग उतरला आणि त्यांनी खिळे घासूनपुसून परत आणून लावले?"

मी वर्तमानपत्रावर मांडलेले खिळे गोळा करायला लागलो.

"अहो, ती बाई नवऱ्याचा अपराध केला म्हणून घर सोडतेय. अपराध तुमचा आहे. एवढं तरी जाऊन सांगा."

"ती म्हणेल, परत हसायला आला होता."

"म्हणू दे," बायको म्हणाली. "हसलाच होतात."

शनिवारी रजा टाकली. खिळे रुमालात बांधून सकाळी दहाच्या सुमारास गेलो. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवलं. काकी गोठ्यात गाईची पाठ खाजवत होती. उद्या ती दुसऱ्याच्या दावणीला जाणार होती. मी जुळवलेलं वाक्य विसरलो आणि रुमाल सोडून पुढे धरला.

"काकी, काकांनी नाही उपटले. मी उपटले. त्या रविवारी, तू बारशाला गेली होतीस तेव्हा."

तिने रुमालात बघितलं. मग माझ्याकडे. परत रुमालात.

"हे तेच?"

"चिंचेच्या पाण्यात घासले."

"देवाची भांडी हायत का?" ती म्हणाली. पण हसली नाही. गोठ्याच्या मेढीला टेकून खाली बसली. मला वाटलं, आता ओझं उतरेल तिचं. चेहरा मोकळा होईल, आणि मीही सुटेन. तसं काही झालं नाही.

"म्हंजे ते नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"कोनी आलंच नव्हतं."

"नाही काकी. मीच होतो."

"चार-पाच दिस मी त्यांच्यासंगं बोलते," ती म्हणाली. "माफी मागते. वट्यावर चा ठेवते. सकाळी कप रिकामा असायचा." मग म्हणाली, "मांजर पीत असंल."

तिचा नवरा मी एकदा न विचारता परत आणला होता, आणि आता कबुली देऊन पुन्हा नेला. खरं बोलून मोकळं व्हायचं, इतकंच गणित मी करून आलो होतो.

मग तिला राग आला. आला ते बरं झालं. "शेतात खन म्हनलं हुतं का नाय? अंगणात नको म्हनलं हुतं का नाय?"

"म्हणाली होतीस."

"मग कान कुठं ठेवलं हुतंस? त्या मशीनीत? लहान असतास त फोकानं फोडला असता."

"आता फोड."

"आता तुज्या कमरंचं काय झालं त तुज्या बायकूला जबाब मी देऊ?" ती उठली, हात झटकले. "भगत वीटभट्टीवर गेलाय. पावसाच्या तोंडाला येईल. तोवर कोन ठोकनार?"

"कोण?"

"ज्यानं उपटलं त्यानं ठोकायचं. दगड घे."

"काकी, मला मंत्र वगैरे काही येत नाही."

"तुला कोन इचारतंय मंत्र? गप ठोक."

तिने घरातून काळा दोरा आणला. खिळे हातात घेऊन उलटेसुलटे बघितले. "कुठला कुठं हुता?"

घासल्यावर चारही सारखे झाले होते.

"निदान इतकं तरी ध्यानात ठेवायचंस," ती म्हणाली, आणि यात तिला खरोखर वाईट वाटल्याचं दिसलं. उपटल्यापेक्षाही जास्त.

बाराच्या उन्हात ती मला घेऊन फणसाच्या कोपऱ्यात गेली. दोरा तिने स्वतः बांधला. मी गुडघे टेकले आणि दगडाने खिळा ठोकला. लिंबाचं सरबत पिणारा मी. हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. हात चुकू नये एवढंच मनात होतं. कारखान्यात कुठलंही काम मी इतकं नीट केलेलं नाही. दुसरा कोपरा गोठ्याचा. तिसरा वाटेकडचा. प्रत्येक ठिकाणी ती माती दाबून द्यायची, मी वरून शेणाचा हात फिरवायचो आणि त्या हिरव्या ठिपक्याकडे बघून ती "काय हे सारवन" म्हणायची.

चौथा कोपरा बांधाकडचा. तिथून पायवाट थेट भाताच्या खाचरांकडे जाते. मी गुडघे टेकले, खिळ्यासाठी हात पुढे केला. तिने खिळा दिला नाही.

"हितं नको."

"का गं?"

"ऱ्हाऊ दे हा कोपरा."

"पण मग तुझी झोप?"

"एखाद दिस नाय लागली त नाय लागली," ती म्हणाली. चौथा खिळा तिने कमरेला खोचला आणि बांधाकडे पाठ करून घराकडे वळली. "चल, भाकर खा. गाईला बी चारा टाकायचाय."

गाठोडं मी माझ्या हाताने सोडलं. लुगडी तिने परत पेटीत ठेवली, एकेक करून, घडी मोडू न देता.

डोंबिवलीला फोन तिनेच केला. थोड्या वेळाने भावाचा मला आला.

"दादा, येत नाही म्हणते. तुला म्हणालो होतो ना, तिचं मन फिरवू नको म्हणून!"

"मी काही..."

"तू विज्ञानवाला माणूस. मला वाटलं तू तरी तिला समजावशील. पोरांची खोली रिकामी केली मी. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली काल." त्याचा आवाज बसला. "एकटी आहे रे ती तिथे. रात्रीबेरात्री पडली तर?"

त्याला काय सांगणार? खिळे मी काढले, म्हणून ती यायला निघाली. खिळे मी ठोकले, म्हणून थांबली. आणि दोन्ही वेळा मला वाटलं होतं की मी फार हुशार आहे. यातलं मी त्याला काहीही सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. त्याने ग्रुपवर 'भारी दादा' लिहिलेला फोटो मी सगळ्यांसाठी काढून टाकायला गेलो, पण वेळ निघून गेली होती. तो माझ्या एकट्याच्याच मोबाइलमधून गेला.

"तिला तिथेच राहायचंय," मी म्हणालो. "मी आहे ना जवळ. बघतो मी."

"बघ मग," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याला दोन महिने होत आले. तेव्हापासून रोज सकाळी पाळीला निघायच्या आधी, चपला घालता घालता, मी काकीला फोन लावतो. ती पटकन उचलत नाही. घंटी वाजत राहते, आणि तेवढ्या वेळात मला बाथरूमची ती दांडी दिसते, बांधाकडचा मोकळा कोपरा दिसतो, ओट्यावरून घसरलेला पाय दिसतो. बायको डबा हातात घेऊन दारात उभी असते. मग तिकडे खरखर होते.

"हाय रं, हाय," काकी झोपेतल्या आवाजात म्हणते. "झोपू दे की जरा."